निकाल लागला, पण मिटला नाही : नॉर्थ कॅरोलिनातले सहा महिने

कॅरीकर

५ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीतली शेवटची लढत ७ मे २०२५ ला संपली. अध्यक्षपदाचा निकाल तर दुसऱ्या दिवशीच लागला होता. ही लढत आमच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या सुप्रीम कोर्टातल्या एका खुर्चीसाठी होती. इथे राज्याचे न्यायमूर्ती लोक निवडून देतात, तेही पक्षाच्या नावासकट. भारतातून आलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो.

डेमोक्रॅट ॲलिसन रिग्ज आधीपासून त्या खुर्चीवर होत्या. समोर रिपब्लिकन जेफरसन ग्रिफिन, हेही राज्याच्या अपील कोर्टात न्यायमूर्तीच. मतं पडली ५५ लाखांहून जास्त. निवडणुकीच्या रात्री ग्रिफिन दहाएक हजारांनी पुढे होते. उरलेली मतं मोजून झाल्यावर रिग्ज ६२५ मतांनी पुढे गेल्या आणि रिकाउंटनंतर फरक झाला ७३४.

इथवर काहीच विशेष नाही. विशेष पुढे आहे. ग्रिफिन यांनी ६० हजारांहून अधिक मतदारांची यादी दिली आणि यांची मतं बाद करा म्हणून मागणी केली. यांनी दोनदा मतदान केलं, खोट्या नावाने केलं, असा आरोप नव्हता. आरोप एवढाच की यांच्या मतदार नोंदणीत ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे (इथला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे चार आकडे दिसत नाहीत. आता, राज्याचा जुना फॉर्मच असा होता की तो रकाना भरणं सक्तीचं आहे हे नीट कळायचं नाही. काहींनी नंबर दिलाही होता, पण दोन सरकारी डेटाबेसमधली नावं जुळली नाहीत म्हणून तो गळला. लग्नाआधीचं आडनाव, दोन आडनावांमधली आडवी रेघ, असली कारणं. आपल्या मंडळातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. आणि गंमत म्हणजे २०२४ मध्ये केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवणं सक्तीचं होतं, ते यातल्या बहुतेकांनी दाखवलेलं होतं. रिग्ज यांचे स्वतःचे आईवडील त्या यादीत निघाले.

मी गेल्या काही निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केलंय, म्हणून थोडं आतलं सांगतो. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसात मतदान. दार बंद झालं की आमची खरी परीक्षा सुरू. प्रत्येक मतदाराने सही केलेला एक कागद असतो. ते सगळे कागद मोजायचे. मशीनवर किती मतपत्रिका आत गेल्या तो आकडा बघायचा. दोन्ही जुळले पाहिजेत. एकाचा फरक आला तर कोणी कागद घेऊन मत न देता निघून गेला का, कोणाची मतपत्रिका खराब झाली म्हणून दुसरी दिली का, सगळं उलगडायचं. मग मशीनमधून दुकानाच्या बिलासारखी लांबलचक पट्टी निघते आणि तिच्यावर केंद्रप्रमुख आणि दोन जज, म्हणजे केंद्रावरचे अधिकारी, सह्या करतात. हे तिघे एकाच पक्षाचे नसतात. माझ्या केंद्रावर रिपब्लिकन पक्षाकडून आलेल्या एक निवृत्त शाळामास्तरीणबाई होत्या. एक कागद जास्त येत होता, तर बाईंनी सगळा गठ्ठा परत मोजायला लावला. दोन कागद एकमेकांना चिकटलेले निघाले. तोवर साडेनऊ वाजून गेले होते आणि आम्ही पहाटे साडेपाचपासून उभे. पक्षबिक्ष तिथे कोणाच्या डोक्यात नसतो, पाय दुखत असतात.

तर असं जुळवून, सह्या करून दिलेलं मत सहा महिन्यांनी 'हे धरायचं का नाही' म्हणून कोर्टात. ४ एप्रिलला राज्याच्या अपील कोर्टाने २-१ ने निकाल दिला की या सगळ्या मतदारांनी ठरावीक मुदतीत त्रुटी दूर कराव्यात, नाहीतर मत बाद. ११ एप्रिलला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ६० हजारांची मतं राखली, कारण चूक मतदारांची नसून निवडणूक बोर्डाची होती. पण परदेशातून आणि लष्करातून टपालाने आलेल्या काही हजार मतदारांना ३० दिवसांत ओळखपत्राची प्रत द्या म्हणून सांगितलं. त्यातही आक्षेप कुठल्या काउंट्यांवर (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्हा), तर डेमोक्रॅट पक्षाकडे झुकणाऱ्या चारच. अखेर ५ मे ला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे, न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनी सांगितलं की निवडणूक झाल्यावर नियम बदलून मतं काढता येत नाहीत. मायर्स यांची नेमणूक ट्रम्प यांनी केलेली. दोन दिवसांनी ग्रिफिन यांनी हार मानली.

माझं म्हणणं एवढंच. पूर्वी भांडण असायचं की कोणीतरी चोरी केली. आता भांडण असं आहे की चोरी झालेली नसली तरी चालेल, कोणाची मतं काढली तर आपण पुढे जातो ते सांगा. हा बदल मला २०२० च्या, ट्रम्प यांनी हार न मानल्याच्या, गोंधळापेक्षा जास्त खटकतो. तिथे निदान काहीतरी घडल्याचा दावा तरी होता.

---

निळावंती

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. रात्री दहा हजारांनी पुढे असलेला माणूस नंतर मागे जातो, हे कोणालाही संशयास्पद वाटणारच ना? आपल्याकडे सकाळी आठला मोजणी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत गुलाल.

---

कॅरीकर

निळावंती, शंका बाळबोध नाही, अर्धा अविश्वास याच फटीतून आलाय. आपल्याकडे मतदानानंतर यंत्रं सीलबंद पडून असतात आणि मग एका दिवशी सगळीकडे एकदम मोजणी. इथे मोजणी त्याच रात्री सुरू होते, म्हणून लोकांना वाटतं त्याच रात्री संपली पाहिजे. पण ज्यांची पात्रता तपासायची असते ती प्रोव्हिजनल मतं, वेळेत आलेली टपाली मतं, लष्करातली मतं नंतर धरली जातात. नॉर्थ कॅरोलिनात काउंटीचं अधिकृत पडताळणीचं काम दहाव्या दिवशी होतं. टीव्हीवाले रात्री जे दाखवतात त्याला कायद्यात काही किंमत नाही.

आणि राज्यागणिक तऱ्हा वेगळी. फ्लोरिडात टपाली मतांची छाननी आधीपासून सुरू करता येते, म्हणून त्यांचा निकाल झोपायच्या आत. पेन्सिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही. २०२० मध्ये कोविडमुळे टपाली मतांचे डोंगर, त्यात डेमोक्रॅट टपालाने मत देणार आणि रिपब्लिकन केंद्रावर जाणार हे आधीच ठरलेलं. मग रात्री लाल (रिपब्लिकन), चार दिवसांनी निळं (डेमोक्रॅट). हे असं होणार हे आधी सांगितलेलं होतं, तरी लोकांनी डोळ्यांनी जे बघितलं तेच खरं मानलं. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने तो नियम २०२४ पर्यंतही बदलला नाही. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात.

---

जर्सीचा_जावई

कॅरीकर, केंद्रावरचं वर्णन आवडलं. पण बाकीचा लेख एका डोळ्याने लिहिलाय, माफ करा.

पहिलं म्हणजे, तो नंबर घ्यायचा हे बोर्डाला ठाऊक नव्हतं असं नाही. फेडरल कायदा २००२ चा आहे. २०२३ मध्ये तक्रार झाली, तेव्हा बोर्डाने फॉर्म दुरुस्त केला, पण आधी नोंदलेल्या लोकांकडून नंबर मागवून घेतले नाहीत. रिपब्लिकन पक्षाने ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे मतदानाच्या आधी, दावा लावला होता. तेव्हा कोणी ऐकलं नाही. मग नंतर बोंब मारली तर 'उशिरा आले' म्हणायचं? हे सोयीचं आहे.

दुसरं. मतं काढण्याचा आणि घालण्याचा खेळ डेमोक्रॅटना येत नाही असं समजू नका. आयोवा, २०२०. मॅरिअनेट मिलर-मीक्स फक्त ६ मतांनी जिंकल्या. सहा! राज्याने निकाल प्रमाणित केला. डेमोक्रॅट रिटा हार्ट कोर्टात न जाता थेट प्रतिनिधिगृहात गेल्या, जिथे बहुमत त्यांच्याच पक्षाचं. २२ मतं मोजली नाहीत म्हणे. आपल्याच पक्षातले लोक कुरकुरायला लागले तेव्हा ३१ मार्च २०२१ ला माघार. म्हणजे ६ जानेवारीला संसदेवर हल्ला झाला म्हणून गळा काढायचा आणि त्याच संसदेत बहुमताच्या जोरावर निकाल फिरवायचा प्रयत्न करायचा.

त्याच्याही आधी, इंडियाना, १९८४. रिचर्ड मॅकइंटायर ३४ मतांनी जिंकले, रिकाउंटमध्ये फरक ४१८ झाला. डेमोक्रॅट बहुमताने त्यांना शपथच घेऊ दिली नाही. आपली समिती नेमली, दोन डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. त्या समितीने मोजून मोजून डेमोक्रॅट फ्रँक मॅक्लॉस्की यांना ४ मतांनी विजयी केलं. १ मे १९८५ ला रिपब्लिकन सभागृहातून उठून गेले. जुन्या रिपब्लिकनांना ते अजून डाचतं. तेव्हा 'अविश्वास ट्रम्पने आणला' हे मला कोणी सांगू नका.

---

उनाड_पाखरू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 🍿

---

तात्या_डेट्रॉइट

जावईबापू, इंडियानाचा मुद्दा खरा आहे, एकदम मान्य. आता माझ्या गावचं ऐका.

४ नोव्हेंबर २०२०, डेट्रॉइटचं टीसीएफ सेंटर. तिथे टपाली मतं मोजत होते. काचेबाहेर ट्रम्प समर्थकांचा जमाव आरडाओरडा करतोय, 'मोजणी थांबवा'. त्याच दिवशी ॲरिझोनात, मॅरिकोपा काउंटीच्या ऑफिसबाहेर त्याच उमेदवाराचे समर्थक ओरडतायत, 'मतं मोजा'. कारण मिशिगनमध्ये आघाडी घटत होती आणि ॲरिझोनात पिछाडी. माझ्या बायकोने दोन्ही क्लिपा शेजारी शेजारी लावून दाखवल्या होत्या. तेवढं बघितलं की या विषयावर फार वाचायची गरज राहत नाही.

कॅरीकरांनी जे कागद जुळवण्याचं सांगितलं ना, त्याच्यावरूनच आमच्याकडे महाभारत झालं. डेट्रॉइटच्या बऱ्याच केंद्रांत वहीतला आकडा आणि मतपत्रिका थोड्या थोड्या जुळत नव्हत्या. एक इथे, तीन तिथे. असं आधीच्या निवडणुकांतही व्हायचं, कोणी विचारत नसे. १७ नोव्हेंबरला वेन काउंटीच्या बोर्डावरच्या दोन रिपब्लिकन सदस्यांनी सही करायला नकार दिला. मत २-२. ऑनलाइन बैठकीत लोकांनी त्यांना असं फैलावर घेतलं की काही तासांत सही झाली.

मग प्रकरण राज्याच्या बोर्डाकडे. चार माणसं, दोन दोन पक्षांची. तोवर या बोर्डाचं नाव मिशिगनमध्येही कोणाला माहीत नसेल. ॲरन व्हॅन लँगवेल्ड नावाचा रिपब्लिकन, तरुण वकील. त्याने २३ नोव्हेंबरला सरळ सांगितलं की कायद्याने आम्हाला निकाल प्रमाणित करण्याचं काम दिलंय, चौकशी करण्याचा अधिकार दिलेला नाही, आणि सही केली. दुसरा रिपब्लिकन तटस्थ राहिला. ३-० ने निकाल. पक्षाने बक्षीस म्हणून त्याला पुन्हा त्या बोर्डावर नेमलं नाही.

अँट्रिम काउंटीचं तर सगळ्या जगाने ऐकलं. पक्की रिपब्लिकन काउंटी आणि पहिल्या रात्री बायडन पुढे! तिथली क्लार्क, म्हणजे निवडणूक बघणारी अधिकारीही, रिपब्लिकनच. शेवटच्या क्षणी काही गावांची मतपत्रिका बदलली होती आणि सगळ्या मशीनमधली कार्डं नवी केली गेली नाहीत, म्हणून रकाने सरकले. दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त, ट्रम्प आरामात पुढे. डिसेंबरमध्ये सगळ्या मतपत्रिका हाताने मोजल्या, तर फरक १२ मतांचा. पण तोवर 'मशीन मतं पलटवतं' ही गोष्ट समुद्रापार गेली होती. माझ्या मावसभावाने मला ती नाशिकहून फॉरवर्ड केली.

---

जर्सीचा_जावई

तात्या, दोन्ही क्लिपा मीही बघितल्यात. जमाव तो जमावच. पण २०२० च्या दाव्यांचं तथ्य कोर्टांनी तपासलंच कुठे? 'तुम्हाला दावा लावायचा अधिकार नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं. टेक्सासचा खटला सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबरला याच कारणाने काढून टाकला. तपासून नाही म्हणणं वेगळं, न तपासता नाही म्हणणं वेगळं.

---

बाळबोध_वकील

टेक्सासचा खटला त्या कारणाने गेला, बरोबर. पण साठाहून जास्त खटले होते आणि सगळे दारातून परत गेले नाहीत. पेन्सिल्व्हेनियाच्या खटल्यात अपील कोर्टाचे न्यायाधीश स्टेफानोस बिबास यांनी २७ नोव्हेंबरला लिहिलं की निवडणूक अन्याय्य म्हटल्याने ती अन्याय्य होत नाही. त्यासाठी नेमका आरोप लागतो, मग पुरावा. इथे दोन्ही नाहीत. बिबासही ट्रम्प यांनीच नेमलेले. आणि कोर्टाबाहेर जे तपास झाले ते तर रिपब्लिकन लोकांनीच केले. जॉर्जियात ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, राज्याचे निवडणूकप्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर रिपब्लिकन. त्यांनाच २ जानेवारीला ट्रम्प यांचा फोन आला होता, मला ११,७८० मतं शोधून हवीत म्हणून. पराभव ११,७७९ मतांचा होता. मिशिगनच्या सिनेटमधल्या रिपब्लिकन समितीने जून २०२१ मध्ये अहवाल दिला, मोठ्या घोटाळ्याचा पुरावा नाही.

ॲरिझोनाचं तर विचारू नका. 'सायबर निंजाज' नावाची कंपनी आणली, जिला निवडणूक तपासणीचा अनुभव नव्हता. मॅरिकोपाच्या २१ लाख मतपत्रिका फीनिक्सच्या एका स्टेडियममध्ये नेल्या. आशियातून खोट्या मतपत्रिका आल्या असतील म्हणून कागदात बांबूचे धागे आहेत का तेही बघितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये हिशोब आला: बायडन यांची ९९ मतं वाढली, ट्रम्प यांची २६१ कमी झाली.

---

सोलापुरी_चादर

मारकडवाडी आठवली राव. माळशिरस तालुका. २०२४ च्या विधानसभेनंतर गावाने ठरवलं, आम्ही आमच्या खर्चाने कागदी मतपत्रिकेवर परत मतदान घेऊन बघतो. ३ डिसेंबरला तयारी झाली, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते राहून गेलं. त्यातली गंमत अशी की संशय घेणारे हे निवडून आलेल्या उत्तमराव जानकरांचेच लोक. आमदार झाला, पण आमच्या गावात त्याला एवढी कमी मतं कशी, हा प्रश्न. अमेरिकेत असं एखादं उदाहरण आहे का, जिंकूनही शंका घेणारं?

---

निळावंती

मला वाटतं नसावं. तिथे जिंकलं की शंका फिटते. प्यू रिसर्चचे आकडे आहेत. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या मतदारांपैकी फक्त २१ टक्के म्हणाले की देशभरात निवडणूक नीट पार पडली. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या मतदारांचा तोच आकडा ९३ टक्के. मधल्या चार वर्षांत बदलला तो निकाल. उलट बाजूला बायडन यांच्या मतदारांचा आकडा ९४ होता, तो हॅरिस यांच्या मतदारांत ८४ वर आला. म्हणजे हरल्यावर डेमोक्रॅटांचा विश्वासही घटला, पण दहा टक्क्यांनी. रिपब्लिकनांचा झोका बघून चक्कर येते.

---

तात्या_डेट्रॉइट

निळावंतीताई, २०२४ च्या मतदानादिवशी दुपारी ट्रम्प यांनी लिहिलं होतं की फिलाडेल्फियात प्रचंड फसवणुकीची चर्चा आहे. रात्री पेन्सिल्व्हेनिया जिंकले. त्यानंतर त्या फसवणुकीचं काय झालं कोणास ठाऊक. 😄

डेमोक्रॅटांकडेही तेव्हा 'दोन कोटी मतं गायब', 'स्टारलिंकने मतं पळवली' असलं पीक आलंच होतं सोशल मीडियावर. माझ्या ऑफिसातली एक शहाणी बाई आठवडाभर तेच सांगत होती. कॅलिफोर्नियाची मोजणी संपत आली तशी गायब मतं सापडली. फरक इतकाच की कमला हॅरिस यांनी दुसऱ्या दिवशी हार मान्य केली, आणि ६ जानेवारीला संसदेत राज्यांची इलेक्टोरल मतं (राज्यागणिक वाटलेली, अध्यक्ष ठरवणारी मतं) मोजतात, तेव्हा उपाध्यक्ष म्हणून स्वतःच्या पराभवाची मोजणी स्वतः वाचून दाखवली.

---

जर्सीचा_जावई

हॅरिस यांना मानलं. पण २००५ च्या ६ जानेवारीला ओहायोच्या मतांवर आक्षेप कोणी घेतला? बार्बरा बॉक्सर आणि स्टेफनी टब्स जोन्स. दोघीही डेमोक्रॅट. बुश तिथे लाखभराहून जास्त मतांनी पुढे होते.

---

बाळबोध_वकील

आणि बुश यांच्याविरुद्धचे डेमोक्रॅट उमेदवार केरी यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी हार मानलेली होती, ते त्या आक्षेपात नव्हते. सिनेटमध्ये बाजूने मत पडलं एक, बॉक्सर यांचं, आणि प्रतिनिधिगृहात ३१. २०२१ मध्ये दोन्ही सभागृहं मिळून १४७ रिपब्लिकनांनी एखाद्या तरी राज्यावरच्या आक्षेपाला मत दिलं, तेही हल्ला होऊन गेल्यावर, त्याच रात्री. प्रथा डेमोक्रॅटांनी चुकीची पाडली हे खरं. पण ३२ मतं आणि १४७ मतं एकाच तराजूत बसत नाहीत.

बरं, डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून या मोजणीचा कायदा बदलला. पूर्वी एक सिनेटर आणि एक प्रतिनिधी मिळून आक्षेप घेऊ शकत, आता दोन्हीकडचे एक पंचमांश सदस्य लागतात. उपाध्यक्षांचं काम फक्त वाचून दाखवण्याचं, हेही स्पष्ट लिहिलं. जुना कायदा १८८७ चा होता आणि त्याची भाषा अशी की वकिलांचाही त्याचा अर्थ लावताना घाम निघे.

---

इतिहासाचं_भूत

१८८७ चा कायदा आला कशामुळे तेही सांगा की! १८७६. डेमोक्रॅट टिल्डन विरुद्ध रिपब्लिकन हेझ. टिल्डन यांना १८४ इलेक्टोरल मतं, जिंकायला १८५ हवी. फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलिना यांनी एकाहून जास्त निकाल पाठवले, ऑरेगनच्या एका मतावर वेगळाच घोळ. एकूण २० मतं वादात. १५ जणांचं कमिशन नेमलं. प्रत्येक वेळी ८-७, पक्षाप्रमाणे. वीसच्या वीस हेझ यांना. १८५ विरुद्ध १८४. डेमोक्रॅट गप्प बसले, कारण दक्षिणेतून केंद्राचं सैन्य निघालं. त्याची किंमत कोणी मोजली, तर नुकताच मतदानाचा हक्क मिळालेल्या काळ्या लोकांनी, पुढची ऐंशी-नव्वद वर्षं. 'पूर्वी हरणारे दिलदार होते' असं ज्याला वाटतं त्याने हा इतिहास वाचावा. समझोता झाला होता, दिलदारी नव्हती.

---

अॅडमिन

चर्चा छान चालू आहे. मारकडवाडी आणि ईव्हीएमवर वेगळा धागा आहे, त्यावरचे पुढचे प्रतिसाद तिकडे. मधले दोन वैयक्तिक शेरे उडवले आहेत.

---

ग्रीनकार्डची_वाट

माझ्यासारख्यांची या चर्चेत वेगळीच गोची. टॅक्स भरतो, मुलं इथे शाळेत, मत मात्र नाही. आणि 'परदेशी लोक मतदान करतात' या आरोपात आम्हीच डोळ्यांसमोर असतो. मी तर लायसन्सचं काम करायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने सवयीने विचारलं, मतदार नोंदणी करायची का? मी नको नको म्हणून असे हात हलवले की तोच घाबरला. चुकून 'हो' गेलं असतं तर नागरिकत्वच काय, ग्रीनकार्डही विसरा. ज्यांना वाटतं आमच्यासारखे लोक लपूनछपून मत टाकतात, त्यांनी एकदा व्हिसावर राहून बघावं.

---

जर्सीचा_जावई

ताई, तुमचा मुद्दा मान्य. तुमच्यासारख्यांवर माझा रोख कधीच नव्हता. माझा मुद्दा यादीचा आहे. यादी स्वच्छ ठेवा, नंबर लागतो तर आधीच घ्या, मग कोणी बोट दाखवणार नाही. आणि घोटाळा होतच नाही हे जे टीव्हीवर सांगतात ना, त्यानेच लोक जास्त बिथरतात.

---

कॅरीकर

जावईबापू, घोटाळा होत नाही असं मी म्हणणार नाही, कारण आमच्याच राज्यात झालाय. २०१८, काँग्रेसचा (इथल्या संसदेचा) ९ वा मतदारसंघ. रिपब्लिकन मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे. ब्लेडन नावाची एक छोटी ग्रामीण काउंटी. तिथे टपालाने आलेल्या मतांत नोंदणीकृत रिपब्लिकन होते १९ टक्के आणि हॅरिस यांना त्यातली ६१ टक्के मतं! आकडा बघूनच कोणीतरी म्हणालं, काहीतरी शिजलंय. मॅक्रे डाऊलेस नावाचा स्थानिक माणूस आणि त्याची टोळी. घरोघरी जाऊन टपाली मतपत्रिका गोळा करायच्या, जे कायद्याने गुन्हा आहे. काही अर्धवट असत, त्या हे लोकच भरत.

राज्याच्या बोर्डाने निकाल प्रमाणित करायला नकार दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड सुनावणी झाली. तिथे हॅरिस यांचा स्वतःचा मुलगा, जो सरकारी वकील होता, त्याने साक्ष दिली की मी बाबांना या माणसापासून सावध केलं होतं. बाप समोर बसून रडला. दुसऱ्या दिवशी हॅरिस यांनीच नव्याने निवडणूक घ्या म्हटलं आणि पाचही सदस्यांनी, दोन्ही पक्षांच्या, तसं ठरवलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान. डाऊलेस खटला उभा राहायच्या आत २०२२ मध्ये वारला. आणि मार्क हॅरिस? २०२४ मध्ये शेजारच्या ८ व्या मतदारसंघातून खासदार झाले. इथले मतदार विसराळूही आहेत आणि क्षमाशीलही, कोणतं विशेषण लावायचं ते तुम्ही ठरवा.

सांगायचं म्हणजे, खरा घोटाळा असा दिसतो. एक काउंटी, एक टोळी, नावानिशी साक्षीदार, कागदावर चुकीच्या सह्या. तो पकडला गेला आणि ज्याचा फायदा झाला त्याच्या पक्षाच्या सदस्यांनीही तो मान्य केला. हे २०१८-१९ मधलंच आहे. ग्रिफिन यांच्या यादीत यातलं काही नव्हतं. राज्याच्या सुप्रीम कोर्टात तेव्हा ५-२ असं रिपब्लिकन बहुमत होतं, त्यातले रिचर्ड डिट्झ रिपब्लिकन असूनही निवडणुकीनंतर नियम बदलायच्या विरोधात गेले. म्हणून मी एका डोळ्याने लिहिलेलं नाही, बापू.

यादी स्वच्छ ठेवा या तुमच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. आधी ठेवा, मतदारांना कळवून ठेवा. मतं पडल्यावर नको.

---

जर्सीचा_जावई

'आधी ठेवा' यावर आपलं एकमत. स्क्रीनशॉट काढून ठेवतो. 😉

---

कॅरीकर

धागा वर काढतोय, कारण मामला पुढे सरकलाय. मे २०२५ मध्ये राज्याच्या निवडणूक बोर्डावर नेमणुका करायचा अधिकार गव्हर्नरकडून काढून राज्याच्या ऑडिटरकडे गेला. गव्हर्नर डेमोक्रॅट, ऑडिटर डेव्ह बोलिक रिपब्लिकन. बोर्ड ३-२ रिपब्लिकन झालं. त्यानंतर केंद्राच्या न्याय खात्याने त्याच नोंदणीच्या नंबरांवरून राज्यावर दावा लावला आणि जुलै २०२५ पासून बोर्डाने सुमारे १ लाख ३ हजार मतदारांकडून राहिलेली माहिती मागवायला सुरुवात केली. 'रजिस्ट्रेशन रिपेअर' म्हणतात त्याला.

नॉर्थ कॅरोलिनातल्या मंडळींनी बोर्डाच्या साइटवर आपलं नाव टाकून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी, दोन आडनावं लावणाऱ्यांनी, आणि लायसन्सवर मधलं नाव वडिलांचं पण पासपोर्टवर नवऱ्याचं असलेल्यांनी तर जरूर. नाव असेल तर काउंटीच्या ऑफिसात लायसन्स घेऊन जा किंवा फॉर्म भरून पाठवा.

---

निळावंती

बहिणीचं नाव निघालं! रॅलेला असते. तिला धाग्याचा दुवा पाठवलाय.

---

जर्सीचा_जावई

बघा, वेळेत विचारलं की भरता येतं. हेच तर म्हणत होतो.

---

तात्या_डेट्रॉइट

बापू, आणि बोर्डावर ३-२ उलटं असतं तरी हेच म्हटलं असतंत का?

---

जर्सीचा_जावई

तात्या, झोपा आता. बारा वाजलेत तुमच्याकडे.